कॅमेरा आपला, कात्री कुणाची?

आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' या १९८५ सालच्या माहितीपटात एक बाई कॅमेऱ्यालाच फैलावर घेते. मुंबईत झोपड्या पाडल्या जात आहेत आणि फिल्म करणारी मंडळी समोर उभी राहून चित्रीकरण करताहेत. गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्या पदरात काय पडणार, असा तिचा रोख आहे. पटवर्धनांनी ते बोलणं गाळलं नाही, फिल्ममध्ये ठेवलं, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुक झालं. ते रास्तच आहे. पण त्या कौतुकात एक गोष्ट निसटते. बाईचा राग ठेवायचा की कापायचा हे ठरवणारे पटवर्धनच होते. ते प्रामाणिक, म्हणून तिचा प्रश्न आपल्यापर्यंत पोचला. दुसरा कुणी असता तर तिचं रडणं ठेवून प्रश्न कापला असता आणि तिला त्याचा पत्ताही लागला नसता.

तशाच वस्तीतल्या पोरीच्या हातात आज स्वतःचा फोन आहे. तिला चित्रण करायला कुणाची वाट पाहावी लागत नाही. यावरून आपण गेली दहा-पंधरा वर्षं म्हणत आलो आहोत की गोष्ट सांगायची साधनं लोकांच्या हाती आली, आता परिवर्तनाची चाकं फिरणार. मला हे अर्धंच खरं वाटतं. लोकांकडे आलं ते नोंद करणं. त्या नोंदीतलं काय ठेवायचं, काय कापायचं, ती कुठे साठवायची, कुणाला दाखवायची आणि कधी पुसून टाकायची, हे ठरवायची जागा मात्र पूर्वीपेक्षा लांब गेली. पटवर्धनांना तोंडावर चार शब्द सुनावता तरी आले. आजच्या कात्रीवाल्याचा पत्ताच नसतो.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केलं तेव्हा 'केसरी'नं त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांचीही आठवण निघते. कमी बोललं जातं ते पुढच्या घडामोडींबद्दल. 'मूकनायक' फार काळ चाललं नाही. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघालं आणि बाबासाहेबांनी 'भारत भूषण' हा स्वतःचा छापखाना उभा केला. लेखणी तर त्यांच्याकडे होतीच, आणि कशी होती हे सांगायला नको. तरीही खिळे, कागद, छपाईयंत्र आणि वर्गणीदारांची वही आपल्या ताब्यात नसेल तर लेखणी दुसऱ्याच्या मर्जीवर चालते, हे त्यांनी ओळखलं होतं. त्याच काळातल्या सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांची ताकदही यातच होती. ढोलकी आपली, गाणं आपलं, बसायला आणलेली घोंगडी आपली. जलसा बंद पाडायचा तर माणसं अडवावी लागत. दूर बसून कुणाला कळ दाबता येत नव्हती.

आता २९ जून २०२० ही तारीख घ्या. त्या दिवशी केंद्र सरकारनं ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं आणि देशात ते वापरणारे सुमारे २० कोटी होते. बंदी बरोबर की चूक हा वाद इथे नको. शहरी मध्यमवर्गानं टिकटॉककडे नाक मुरडलं होतं, पण खानदेश-मराठवाड्यातल्या, शेतात आणि वीटभट्टीवर राबणाऱ्या पोरापोरींना आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षक मिळाले होते ते तिथेच. बंदीनंतर ज्यांनी आपले व्हिडिओ फोनमध्ये उतरवून ठेवले होते त्यांचे ते राहिले. प्रेक्षक मात्र कुणाचेच राहिले नाहीत. कोण बघत होतं, कुठून बघत होतं, ती वही कंपनीकडे होती. 'मूकनायक' बंद पडलं तेव्हा निदान वर्गणीदारांचे पत्ते तरी हाती उरले असतील.

मग ताबा म्हणजे नेमकं काय? याचं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण डिजिटल युगाच्या आधीचं आहे आणि ते कॅनडातलं आहे. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ फोगो नावाचं बेट. १९६७ साली तिथे पाचेक हजार माणसं विखुरलेल्या वस्त्यांत राहत होती. मासेमारी हाच धंदा, आणि तो बुडत चाललेला. प्रांतिक सरकारला या लोकांना उठवून मोठ्या गावांत वसवायचं होतं. कॅनडाच्या राष्ट्रीय फिल्म मंडळानं त्या वर्षी 'चॅलेंज फॉर चेंज' हा कार्यक्रम सुरू केला होता. त्यातून कॉलिन लो हा दिग्दर्शक बेटावर आला, आणि मेमोरियल विद्यापीठाचे डोनाल्ड स्नोडन त्याच्या जोडीला होते.

लोनं दोन गोष्टी केल्या. पहिली अशी की एक मोठी, गोळीबंद फिल्म करायची सोडून त्यानं दोन डझनांहून जास्त छोट्या फिल्म केल्या. एका फिल्ममध्ये एक माणूस, एक प्रसंग किंवा एक विषय. एकाचं वाक्य कापून त्याच्या विरोधकाच्या वाक्याला चिकटवायचं, म्हणजे दोघांत जुंपते आणि प्रेक्षकाला मजा येते, ही माहितीपटाची जुनी युक्ती त्यानं टाकून दिली. लहान बेटावर त्या दोघांना उद्या एकमेकांचं तोंड बघायचं असतं, हे त्याच्या ध्यानात होतं. दुसरी गोष्ट, चित्रित झालेलं आधी बेटावरच दाखवायचं. जो बोलला त्यानं ते पाहायचं, नको असेल ते काढून टाकायला सांगायचं, आणि बाहेर दाखवायचं की नाही ते सांगायचं. लोकांचा होकार आल्यावर त्या फिल्म राजधानीत गेल्या, प्रांताचे प्रीमियर जोई स्मॉलवुड आणि त्यांच्या मंत्र्यांनी पाहिल्या. मग मत्स्यमंत्र्यांचं उत्तरही चित्रित करून बेटावर आणून दाखवलं गेलं. एका वस्तीनं दुसऱ्या वस्तीचं म्हणणं पडद्यावर ऐकलं आणि आपली रड सारखीच आहे हे त्यांना कळलं. मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली, मोठ्या होड्या बांधल्या गेल्या, आणि लोक बेटावरच राहिले.

हे सगळं फिल्मनं केलं असा दावा मी करणार नाही; सहकाराची हालचाल बेटावर आधीपासून होती. पण एक गोष्ट बघा. फोगोत कॅमेरा बाहेरचा होता, दिग्दर्शक बाहेरचा होता, पैसा सरकारचा होता, तरीही ताबा लोकांचा होता, कारण शेवटचा शब्द त्यांचा होता. आज आपल्याकडे बरोबर उलटं घडतं. फोन आपला, बोलणारे आपण, आणि शेवटचा शब्द तिसऱ्याचाच. साधनाची मालकी आणि गोष्टीवरचा ताबा या वेगळ्या गोष्टी आहेत. अनुदान देणाऱ्यांना पहिली समजते, कारण तिची पावती मिळते. दुसरीची पावती नसते.

दोन्ही एकत्र आणायचा प्रयत्न जिथे झाला ते ठिकाण आपल्या उदगीर-बीदर पट्ट्यापासून फार लांब नाही. तेलंगणात जहिराबादजवळ पस्तापूर इथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी १९८३ पासून काम करते. भूमिहीन किंवा तुकडाभर कोरडवाहू जमीन असलेल्या दलित बायांचे गावोगाव संघम, पडीक रानात ज्वारी-बाजरी-तुरीची मिश्र पिकं, बियाणं बाजारातून न आणता घरात राखायचं, असं ते काम. संस्थेच्या संस्थापकांपैकी पी. व्ही. सतीश हे आधी दूरदर्शनचे निर्माते होते. दूरदर्शनवर शेतकरी बाई कशी दिसते, म्हणजे किती कमी दिसते आणि दिसली तर काय बोलते, हे त्यांना आतून माहीत होतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस संघममधल्या काही बाया व्हिडिओ शिकल्या. त्यातल्या बहुतेकींनी शाळा पाहिली नव्हती. कॅमेऱ्याच्या कोनांना त्यांनी स्वतःची नावं दिली: वरून खाली बघणारा तो पाटलाचा, खालून वर बघणारा गुलामाचा, आणि डोळ्यांच्या पातळीवरचा संघमचा, कारण संघममध्ये सगळ्या एका पातळीवर बसतात. आपण कुठे उभं राहून कुणाकडे बघतो यात सत्ता असते, हे फिल्म शाळेत जाडजूड पुस्तकांतून शिकवतात. या बाया ते उभ्या आयुष्यात पाटलाच्या वाड्यासमोर उभं राहून शिकल्या होत्या, कॅमेरा फक्त नंतर आला.

२००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. वारंगळच्या शेतकऱ्यांच्या रानात त्याचं काय होतं ते या बायांनी पेरणीपासून वेचणीपर्यंत आणि एका हंगामानंतर पुढच्या हंगामात पुन्हा जाऊन चित्रित केलं. बीटीबद्दल माझं मत त्यांच्याइतकं ठाम नाही. विदर्भातल्या कित्येक कापूस उत्पादकांनी ते बियाणं रांगा लावून घेतलं, हेही विसरून चालणार नाही. पण त्या फिल्मचं मोल निष्कर्षापेक्षा पद्धतीत आहे. वृत्तवाहिनीचा कॅमेरा शेतात पोचतो तो शेतकऱ्यानं गळफास घेतल्यावर. या बाया बी मातीत पडताना तिथे होत्या, बोंडं मोजताना होत्या, व्यापाऱ्यानं भाव पाडला तेव्हाही होत्या. त्यांना दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी गाठायची नव्हती. वेळ आपल्या ताब्यात असणं हाही साधनाच्या ताब्याचाच भाग आहे आणि तो कुठल्याच प्रशिक्षण शिबिरात शिकवत नाहीत.

रेडिओची त्यांची कहाणी याहून बोलकी आहे. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली सांगितलं. पस्तापूरजवळ माचनूरला युनेस्कोच्या मदतीनं स्टुडिओ उभा राहिला १९९८ साली. आणि परवाना? तो २००८ साली. मधली दहा वर्षं या बाया कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत होत्या आणि कॅसेट संघमच्या बैठकांत वाजवत होत्या. स्टुडिओ तयार, बोलणाऱ्या तयार, ऐकणाऱ्या तयार, भाषा त्यांची स्वतःची, आणि घोडं पेंड खात होतं दिल्लीत. १५ ऑक्टोबर २००८ रोजी संघम रेडिओ हवेत गेला. आजही सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा ऐकवाव्या लागतात. म्हणजे म्हसवडच्या माणदेशी तरंगसारख्या केंद्रानं पाणी, बचत, शेळीपालन, ओव्या, सगळं करावं. तालुक्यात आज काय घडलं ते मात्र बातमी म्हणून सांगू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीही काहीही पसरवायला मोकळा असताना, ज्या माध्यमाचा पत्ता, परवाना आणि जबाबदार माणूस गावाला माहीत आहे त्याच माध्यमाच्या तोंडाला कुलूप, हा कारभार माझ्या बुद्धीच्या पलीकडचा आहे.

बातमी स्वतःच्या हातात असलेल्या बायांचंही एक उदाहरण आहे. चित्रकूटमधून २००२ साली सुरू झालेलं 'खबर लहरिया' हे दलित, आदिवासी, मुस्लिम अशा ग्रामीण बायांचं पत्र. आधी बुंदेलीत छापील, नंतर फोनवर चित्रित केलेल्या बातम्यांचं. त्यांच्यावर रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांनी केलेला 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट जगभर गाजला आणि २०२२ साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. सोहळा काही दिवसांवर आला असताना 'खबर लहरिया'नं निवेदन काढलं. फिल्म हेलावून टाकणारी आहे, पण आम्ही एका पक्षाच्याच मागे लागलेली संस्था आहोत असं तिच्यातून दिसतं आणि ते खरं नाही, असं त्यांचं म्हणणं. अनेकांना हे कृतघ्नपणाचं वाटलं. मला ते अगदी योग्य वाटलं. दुसऱ्यांच्या गोष्टी वीस वर्षं सांगणाऱ्या बायांची स्वतःची गोष्ट जेव्हा जगापुढे गेली, तेव्हा त्यांच्या आक्षेपाला जागा मिळाली ती फिल्मच्या बाहेर, एका पत्रकात. फोगोच्या रीतीत ती जागा संकलनाच्या टेबलावर असते.

इथे कुणी विचारेल, मग कलेक्टरनंही म्हणावं का, की माझी मुलाखत मला आधी दाखवा? सावकारानं, पोलिसानं, शाळेत पोषण आहाराचा तांदूळ लांबवणाऱ्यानं? नाही. आपल्या जगण्याची गोष्ट ज्याची त्याची असते. आपल्या सत्तेच्या वापराची गोष्ट सगळ्यांची असते. ही रेघ प्रत्येक ठिकाणी सरळ ओढता येत नाही, पण ती आहे, आणि ती नाहीच असं भासवून दोन्हीकडचे लोक आपापली सोय बघतात.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे. समुदायाचा ताबा म्हणता, पण समुदाय म्हणजे कोण? गाव म्हणत असाल, तर गावाबद्दल बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत काय बोलले ते आठवावं. गाव म्हणजे संकुचित वृत्तीचं, अज्ञानाचं आणि जातीयतेचं घर, असा त्यांचा अभिप्राय होता. प्रत्येक व्हिडिओ ग्रामसभेनं मंजूर करायचा ठरवलं तर दलितवस्तीच्या पाण्याची गोष्ट कधीच बाहेर पडणार नाही, आणि पळून लग्न केलेल्या पोरीची तर नाहीच नाही. 'आपल्या गावाची बदनामी' हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असा ग्रामीण वार्ताहर शोधून सापडायचा नाही. म्हणून पस्तापूरकडे नीट पाहायला हवं. तिथे ताबा गावाकडे नव्हता, संघमकडे होता. म्हणजे गावातल्या ज्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं अशा बायांकडे. कुणाची गोष्ट सांगितल्यावर कुणाच्या पाठीवर काठी पडणार, हे आधी बघावं. ज्याच्या पाठीवर, त्याचा शब्द शेवटचा. संघममधलीही एखादी बाई 'माझं काढा' म्हणाली तर संघमनंही ऐकायला हवं. समूहाला बाहेरच्याला रोखायचा हक्क असावा, आतल्या एकटीला गप्प करायचा नसावा.

पोचेचा प्रश्न राहतो. आपलं केंद्र, आपली हार्ड डिस्क, आपलं संकेतस्थळ, सगळं खरं, पण बघणार कोण? माणसं यूट्यूबवर आहेत. तर मग यूट्यूबवर जावं, तिकडे कुणी अडवलेलं नाही. फक्त तिथे ठेवायची ती प्रत. मूळ चित्रण, त्यासोबतची नावं, गावं, तारखा, आणि कोण बघतं त्यांच्याशी संपर्काची आपली वही हे घरी असावं. त्याला फार खर्च येत नाही. आणि काही गोष्टींना पोच नकोच असते. बियाण्याची देवघेव करायला संघम रेडिओचा आसपासच्या गावांपुरता टप्पा पुरतो.

आता आपल्या घरातल्या ठेव्याकडे येऊ. ऐंशीच्या दशकात गी पोइतवँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशी खोऱ्यातल्या गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. गावच्या बायाच गोळा करणाऱ्या, गावच्याच बाया गाणाऱ्या. पुढे संगणक आणि संगीत दोन्हींत गती असलेले फ्रेंच संशोधक बर्नार बेल त्यांना येऊन मिळाले आणि नव्वदच्या दशकात ध्वनिमुद्रणं झाली. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या, एक लाखाहून अधिक ओव्या. २०१७ पासून 'पारी' हे पी. साईनाथ यांनी सुरू केलेलं ग्रामीण भारताचं संकेतस्थळ त्या प्रसिद्ध करत आहे. या कामाची सगळ्यांत मोठी गोष्ट अशी की ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव टिकवलं. आपल्या लोकसाहित्याच्या संग्रहांत 'एक म्हातारी' किंवा 'घाटावरची बाई' एवढ्यावर बोळवण व्हायची. तिथे नावानिशी नोंद हा मोठाच बदल होता. 'पारी'ची माणसं पुन्हा त्या गावांत जाऊन गाणाऱ्यांना, त्यांच्या लेकी-सुनांना भेटली, हेही कुठल्या विद्यापीठानं केल्याचं मला आठवत नाही.

इतकं नीट झालेल्या कामापुढेही एक प्रश्न उभा राहतो. जात्याची जागा बायकांची आणि वेळ पहाटेची. पुरुष झोपलेले, दगडाची घरघर चालू, आणि त्या आवाजाच्या आडोशानं सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, देवाबद्दल जे बोलायचं ते बोलून घ्यायचं. १९९५ साली एखादीनं टेपरेकॉर्डरपुढे ओवी म्हणायला होकार दिला तो समोर बसलेल्या ओळखीच्या बाईला. ती ओवी तिच्या जावयाच्या फोनवर वाजेल हे तिला ठाऊक नव्हतं. गोळा करणाऱ्यांनाही नव्हतं. आणि आता तीच ध्वनिमुद्रणं यंत्राला मराठी शिकवायला वापरायची म्हटली तर विचारायचं कुणाला? बाई वारलेली, लेक सासरी, नात पुण्यात. कायदा इथे फारसा उपयोगी पडत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे ते करवणारा निर्माता. २०२३ सालच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं एकेका माणसाला दिलेली संमती मागे घ्यायचा हक्क दिला. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी मिळून घडवलेल्या गोष्टीचं काय, यावर तो गप्प आहे.

न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला, कायताया गावातल्या तेहिकू मीडिया या माओरी रेडिओनं या प्रश्नाला हात घातला आहे. त्यांच्याकडे म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या बोलण्याची दशकांची ध्वनिमुद्रणं होती. एकेकाळी शाळेत माओरी बोललं तर मुलांना छड्या मिळत, त्यामुळे भाषा सहज बोलणारी ती शेवटची मोठी पिढी. बोलणं ऐकून लिहून काढणारं यंत्र बनवायचं ठरलं तेव्हा २०१८ साली त्यांनी आपल्या लोकांना वाक्यं वाचून ध्वनिमुद्रित करायची हाक दिली. दहा दिवसांत अडीच हजारांच्या आसपास लोकांनी तीनशेहून अधिक तास दिले. लगोलग बाहेरच्या कंपनीनं पैसे देऊन माओरी आवाज गोळा करायला घेतले, तेव्हा यांनी विकायला नकार दिला. आपला संग्रह त्यांनी अशा परवान्याखाली ठेवला की त्याचा वापर माओरींच्या भल्यासाठीच व्हावा आणि त्यांना विचारून व्हावा. संस्था मालक नाही, राखणदार. एवढं करूनही ओपन एआयनं २०२२ साली व्हिस्पर हे यंत्र आणलं तेव्हा त्यात इंटरनेटवरून उचललेलं तेराशेहून अधिक तासांचं माओरी होतं. घराला कुलूप लावलं तरी अंगणात वाळत घातलेलं जातंच. तरीही मला तेहिकूचा रस्ता बरोबर वाटतो, कारण आज त्यांचं स्वतःचं यंत्र त्यांच्या स्वतःच्या हातात आहे आणि वाटाघाटीला बसायची वेळ आली तर ते रिकाम्या हातांनी बसणार नाहीत.

बंगळुरूच्या 'कार्या' या संस्थेनं वेगळी वाट धरली. आवाज देणाऱ्या खेड्यातल्या माणसाला चांगला मोबदला आणि तीच सामग्री पुन्हा विकली गेली तर पुन्हा वाटा. शंभर रुपये रोजावर राबणाऱ्या बाईला भाषेच्या राखणदारीचे उपदेश करण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण विकलेला आवाज परत मागता येत नाही. मराठीपुरतं पाहिलं तर आठ-नऊ कोटींच्या भाषेला विकणं परवडेलही. कोलामी, कोरकू, निहाली बोलणाऱ्यांनी मात्र विकण्याआधी दहा वेळा विचार करावा, आणि त्यांना विचार करायला वेळ मिळेल एवढी सभ्यता बाकीच्यांनी पाळावी.

महाराष्ट्रात रोज घडणारा प्रकार याहून साधा आहे. संस्थेचा कार्यकर्ता सोबत छायाचित्रकार घेऊन वस्तीवर येतो. मार्चअखेर जवळ आलेली, कंपनीच्या सामाजिक निधीचा अहवाल द्यायचा, त्याला दोन मिनिटांची यशोगाथा जोडायची. बचत गटातल्या बाईला दारात बसवतात, पदर सारखा करायला सांगतात, मागची प्लास्टिकची बादली हलवतात. नवरा दारू प्यायचा ते सांगा ताई, मग शेळ्या कशा घेतल्या ते सांगा. ती सांगते. हातात एक कागद येतो, इंग्रजीतला. खाली सही किंवा अंगठा. त्यात चित्रण कुठेही, कधीही, कोणत्याही माध्यमात वापरायची मुभा दिलेली असते. गाडी धुरळा उडवत निघून जाते. फिल्म पुण्या-मुंबईच्या सभागृहात दाखवली जाते, टाळ्या पडतात. ताईला ती दिसते का? बहुतेक वेळा नाही. दिसलीच तर गटातल्या कुणाच्या तरी फोनवर, नवऱ्याच्या दारूसकट, आणि तोवर नवऱ्यानंही पाहिलेली असते. हे करणारी माणसं वाईट नसतात. त्यांच्याही गळ्याशी अहवालाची तारीख आलेली असते. म्हणूनच त्यांच्या चांगुलपणावर विसंबून चालणार नाही, नियम लागतात.

तेव्हा माझी मागणी संस्थांकडे आणि त्यांना पैसे देणाऱ्यांकडे आहे. संमतीचा कागद त्या बाईच्या भाषेत करा आणि वाचून दाखवा. मावची बोलणारीला मराठी कागदही परकाच. फिल्म आधी वस्तीवर लावा, सगळ्यांसमोर लावायच्या आधी तिला एकटीला दाखवा, आणि नको म्हणाली तर खळखळ न करता काढा. मूळ चित्रणाची एक प्रत गटाकडे राहू द्या. अंदाजपत्रकात कॅमेरा विकत घ्यायला जागा असते, तशी तो दुरुस्त करायला आणि चित्रण दहा वर्षं सांभाळायलाही ठेवा. ज्यांनी फिल्मसाठी पैसे दिले त्यांनी तिच्यात काय असावं हे सांगायचा मोह आवरावा.

आणि ज्यांच्या कपाटांत जुन्या कॅसेट आहेत, लोकगीतांच्या, आंदोलनांच्या, शिबिरांतल्या मुलाखतींच्या, त्यांनी त्या डिजिटल करून नेटवर चढवायच्या आधी ज्या गावांत भरल्या त्या गावांना एक प्रत आणि एक पत्र पाठवावं. गावाचं नाव बहुतेकदा लेबलवर लिहिलेलं असतं. हे काम या वर्षीच हाती घ्या. तेव्हा गाणाऱ्या बाया आता ऐंशीच्या पुढे आहेत.